अनाहूत निरोप आणि अनुमति

मनुष्याच्या मालकीच्या वस्तू कोणत्या, असें विचारलें असतां आपण घर, शेत, दागदागिने, पुस्तकें अशी यादी देऊं लागतों. या यादींत आपल्या लक्षाचा समावेश करावा, असें कोणाच्या मनांत येत नाहीं. कारण उघड आहे. जी वस्तु कोणी चोरूं शकत नाहीं तिच्या मालकीचा वाद उद्भवत नाहीं. आणि दुसऱ्याचें लक्ष चोरून नेण्याची सोय फार दिवस कोणापाशीं नव्हती. ती आतां झाली आहे. खिशांतला मोबाईल दिवसांतून अनेकदां थरथरतो, आणि पुष्कळ वेळां पलीकडे ना आप्त असतो ना मित्र. असतो तो भूखंड विकणारा, कर्ज देणारा, किंवा चार वर्षांपूर्वीं ज्याच्याकडून आपण एकदां चपला घेतल्या तो दुकानदार. हा उपद्रव आहे, हें सर्वांस मान्य आहे. परंतु उपद्रव म्हणजे अपराध नव्हे. शेजारच्या घरीं पेटी शिकणारा मुलगा हाहि उपद्रवच आहे. तेव्हां आपल्या मालाची माहिती न मागतां पाठविणारा मनुष्य नीतीच्या दृष्टीनें नेमकें काय चुकतो, आणि सरकारनें घालून दिलेले नियम त्यानें तंतोतंत पाळले म्हणजे ती चूक उरत नाहीं कीं काय, याचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

हें दुखणें वाटतें तितकें नवें नाहीं. १९७८ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या गॅरी थुर्क नांवाच्या विक्री-अधिकाऱ्यानें, आपल्या नव्या यंत्राचें प्रात्यक्षिक पाहण्यास यावें, असें निमंत्रण सुमारें चारशें लोकांस एकदम धाडलें. ज्या जाळ्यावरून तें गेलें तें अर्पानेट अमेरिकेच्या संरक्षण खात्याचें होतें, व जाहिरातीसाठीं त्याचा उपयोग करणें नियमाबाहेर होतें. पत्ते इतके झाले कीं, ते पत्त्यांच्या जागेंत न मावतां खालच्या मजकुरांत उतरले. तक्रारी झाल्या, खात्याकडून कानउघाडणीहि झाली. पण त्या निमंत्रणानें आपलीं यंत्रें चांगलीं खपलीं, असें थुर्कसाहेब पुढें कित्येक वर्षें सांगत असत. या एका प्रसंगांत पुढचा सगळा इतिहास बीजरूपानें आहे. लाभ एकाचा, त्रास चारशेंचा, आणि त्या त्रासाची किंमत लाभ घेणाऱ्याच्या खातेवहींत कोठेंच मांडलेली नाहीं. त्याच्याहि आधीं, १९७५ सालीं, जॉन पोस्टेल या संगणकतज्ज्ञानें एक लहानसें टिपण लिहून, नको असलेलीं पत्रें निवडून नाकारण्याची सोय या जाळ्यांत नाहीं, हें निदर्शनास आणून दिलें होतें. अशा पत्रांस पुढें 'स्पॅम' हें नांव पडलें. मुळांत तें १९३७ पासून विकल्या जाणाऱ्या एका डबाबंद मांसाचें नांव. १९७० सालीं मॉन्टी पायथन या इंग्रज विनोदी मंडळीनें एका प्रवेशांत तो एकच शब्द इतक्या वेळां उच्चारला कीं दुसऱ्या कोणाचें बोलणें ऐकूंच येऊं नये. नांव ठेवणाऱ्यांनीं नांव बरोबर ठेविलें, असें म्हटलें पाहिजे.

आमच्या मतें या प्रश्नाचें मूळ पायांत आहे. दारावर येणारी बोहारीण, कल्हईवाला, बांगड्या भरणारा कासार, यांना कोणीं बोलावणें धाडलेलें नसे. तेहि अनाहूतच. तरी त्यांचें येणें कोणास अपमानाचें वाटलें नाहीं. याचें कारण, त्यांच्या येण्याला निसर्गानेंच एक मर्यादा घातली होती. कल्हईवाल्याच्या पायांस शीण येई. दिवसभरांत तो दोन-चार आळ्या फिरे. ज्या घरांतून तीनदां नकार आला तेथें चौथ्यांदा जिना चढणें त्याला परवडत नसे. घरच्या बाईला क्षणाचा त्रास होई, त्याला त्याहून कितीतरी अधिक होई. आणि या विषम वांटणींतच न्याय होता. बोलणाऱ्यानें ऐकणाऱ्यापेक्षां अधिक झीज सोसावी, असा तो कोणीं न लिहिलेला करार होता. यंत्रानें तो उलटा केला. आतां एक वाक्य एकदां लिहावयाचें आणि तें एक लाख घरीं पोंचवावयाचें. लिहिणाऱ्याचा एक तास जातो. वाचणाऱ्यांचे एक लाख क्षण जातात. त्या लाखांपैकीं दहा घरांनीं माल घेतला तरी धंदा बरा झाला असें तो समजतो, आणि त्याच्या दृष्टीनें तें बरोबरहि असतें. उरलेल्या नव्याण्णव हजार नऊशें नव्वद घरांकडून आपण काय घेतलें, हें त्याला कोणी विचारीत नाहीं.

न मागतां दुसऱ्याच्या दारीं जाण्याची सभ्य रीत कशी असते, याचें उदाहरण आपल्याकडील माधुकरीत आहे. त्या रूढीच्या इतर अंगांविषयीं कोणाचें कांहींहि मत असो. तिच्यांतील शिस्त पाहण्यासारखी आहे. विद्यार्थ्यानें ठराविक घरींच जावयाचें, उंबऱ्याबाहेर उभें राहावयाचें, ठरलेले शब्द एकदां उच्चारावयाचे, आणि मिळालें तर घेऊन, न मिळालें तर मुकाट्यानें पुढें जावयाचें. माधुकरी हा शब्दच मधुकरावरून आला. भ्रमरानें फुलांतून घ्यावें पण फुलाला कळूंहि नये, ही त्यांतील कल्पना. याचकाची गरज खरी असूनहि गृहस्थाच्या उंबऱ्याचा मान त्यानें राखावा, ही अपेक्षा तेथें होती. आमच्या मोबाईलवर येणाऱ्या याचकांची गरज पोटाची नसून विक्रीच्या मासिक आंकड्याची असते. तरी उंबरा त्यांना दिसत नाहीं.

दुसऱ्याचें दार वाजविण्याचा हक्क आणि तें न उघडण्याचा हक्क, यांचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें दोनदां मोठ्या उद्बोधक रीतीनें आला. ओहायो संस्थानांतील स्ट्रदर्स नांवाच्या कारखान्यांच्या गांवीं, पत्रकें वांटण्यासाठीं घराची घंटा वाजविणें हाच गुन्हा ठरविला होता. गांवाचें म्हणणें असें कीं, येथील पुष्कळ मजूर रात्रपाळी करून दिवसा झोपतात. एका धर्मपंथाच्या बाईंनीं सभेचें आमंत्रण देत घरोघर घंटा वाजविली व त्यांना दंड झाला. १९४३ सालीं न्यायालयानें तो नियम रद्द केला: घंटा ऐकून दार उघडावें कीं न उघडावें, हें घरमालकानें ठरवावयाचें, सगळ्या गांवाच्या वतीनें नगरपालिकेनें ठरवावयाचें नाहीं. पुढें १९७० सालीं रोवन खटल्यांत प्रश्न टपालानें येणाऱ्या जाहिरातींचा होता. तेथें त्याच न्यायालयानें सांगितलें कीं, माझें नांव तुमच्या यादींतून काढा असें घरमालकानें कळविल्यावर पाठविणाऱ्याचा हक्क त्या घराच्या टपालपेटीपाशीं संपला. दोन्ही निवाडे एकत्र वाचले म्हणजे एक नेटका नियम निघतो: एकदां विचारण्यास हरकत नाहीं, पण नकार हा शेवटचा.

आपल्याकडे या बाबतींत जो अनुभव आला तोहि विसरतां कामा नये. माहिती तंत्रज्ञान कायद्यांत २००८ च्या दुरुस्तीनें ६६-अ हें कलम आलें. त्रास देण्याच्या हेतूनें धाडलेलीं ई-मेल-पत्रें त्याच्या कक्षेंत होतीं, आणि त्यामुळें अनाहूत जाहिरातींस तें लागू पडेल असें वाटण्यास जागा होती. प्रत्यक्षांत २०१२ सालीं पालघरच्या दोन तरुणींना, समाजमाध्यमावरील एका मजकुरासाठीं झालेल्या अटकेंत तें वापरलें गेलें. जाहिरातवाले जेथल्या तेथें राहिले. २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलम घटनाबाह्य ठरविलें व तें योग्यच झालें. नकोसें वाटणें हा गुन्ह्याचा निकष होऊं शकत नाहीं; तसें झालें तर नकोसें वाटणारें सत्य प्रथम तुरुंगांत जाईल. आमची तक्रार निरोप अप्रिय आहे अशी नाहीं. कित्येक निरोप फार गोड असतात. आमची तक्रार, आमच्या वेळेचा खर्च आम्हांस न विचारतां केला जातो, अशी आहे.

मग एकदां विचारावें आणि नकार मानावा, एवढ्यानें भागतें कां? स्ट्रदर्समध्यें भागलें असेल, कारण तेथेंहि घंटा वाजविणाऱ्याला पाय होते. परंतु एक हजार विक्रेत्यांनीं प्रत्येकीं एकदांच, अगदीं अदबीनें विचारलें, तरी आपला नकार देण्याचा उद्योग जन्मभर पुरेल. अमेरिकेनें २००३ सालीं केलेल्या व १ जानेवारी २००४ पासून अमलांत आलेल्या 'कॅन-स्पॅम' कायद्याचा दुबळेपणा येथें आहे. पाठविणाऱ्याचें नांव व विषयाची ओळ खोटी नसावी, मजकूर जाहिरातीचा आहे हें कळावें, टपालाचा खरा पत्ता द्यावा, नाव काढण्याची सोय असावी व ती निदान तीस दिवस चालू राहावी, आणि कोणीं नकार कळविल्यास दहा कामाच्या दिवसांत तो अमलांत यावा, हे त्याचे नियम चांगलेच आहेत. मोडल्यास प्रत्येक पत्रामागें ५० हजार डॉलरांहून अधिक दंड होऊं शकतो. परंतु पहिलें पत्र पाठविण्यापूर्वीं विचारण्याचें बंधन त्यांत नाहीं. कायद्याच्या नांवाचा इंग्रजींत 'खुशाल पाठवा' असाहि अर्थ होतो, आणि टीकाकारांनीं तो सोडला नाहीं. (राजकीय पक्षांचीं पत्रें या कायद्याच्या बाहेर राहिलीं, हेंहि जातां जातां सांगितलें पाहिजे. नियम करणाऱ्यांस स्वतःचें बोलणें कधींच उपद्रवाचें वाटत नाहीं.) युरोपानें २००२ च्या निर्देशानें उलट मार्ग धरला: आधीं अनुमति, मग पत्र, ज्यानें आपल्याकडून माल घेतला आहे त्याला तशाच मालाविषयीं लिहिण्यापुरती सवलत, तीहि नकाराची संधि देऊन. कॅनडानें २०१४ पासून हाच मार्ग पत्करला.

आपल्या देशांत दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, पायरीपायरीनें हीच दिशा घेतली. २००७ सालीं ज्यांना विक्रीचे फोन नकोत अशांची राष्ट्रीय नोंदवही झाली; गृहसंस्थेच्या फाटकावर 'फेरीवाल्यांस प्रवेश नाहीं' अशी पाटी असते तशी ही पाटी. २०१० च्या विनियमांनीं रात्रीं नऊपासून सकाळीं नऊपर्यंत जाहिरातीस मनाई केली. २०१८ च्या विनियमांनीं पाठविणाऱ्याचें सहा अक्षरांचें नांव आणि मजकुराचा सांचा हीं दोन्ही आगाऊ नोंदविणें भाग पाडलें, व ग्राहकाला कोणत्या प्रकारचे निरोप कोणत्या वारीं, कोणत्या वेळीं चालतील हें निवडण्याची मुभा दिली. १९०९ या क्रमांकावर ही निवड कळवितां येते. २०२५ च्या फेब्रुवारींतील दुरुस्तीनें पाठविणाऱ्याच्या नांवापुढें निरोपाचा प्रकार दाखविणारें अक्षर आलें, तक्रारीस तीनऐवजीं सात दिवस मिळाले, तिचा निकाल तीस दिवसांऐवजीं पांच दिवसांत लावण्याचें ठरलें, आणि ज्यानें अनुमति काढून घेतली त्याच्याकडे नव्वद दिवस पुन्हां ती मागूं नये, असें बंधन आलें. ही सारी यंत्रणा म्हणजे गेलेल्या पायांच्या जागीं बसविलेले लांकडी पाय होत. ते असावेत, आणि मजबूत असावेत.

येथें व्यापाऱ्याची बाजूहि ऐकली पाहिजे, आणि ती हलकी नाहीं. ज्याचें नांव आधींच सर्वतोमुखीं आहे त्याला कोणाच्या दारीं जावें लागत नाहीं. ज्यानें काल दुकान मांडलें, ज्याचा माल चांगला पण नांव कोणास ठाऊक नाहीं, त्यानें काय करावें? आधीं अनुमति मिळव म्हणावें, तर अनुमति मागण्यासाठींहि एकदां बोलावें लागतेंच. अशा रीतीनें कडक नियम जुन्या पेढ्यांच्या पथ्यावर पडतात. ही अडचण खरी आहे व तिचें पूर्ण निरसन आमच्यापाशीं नाहीं. इतकेंच म्हणतां येईल कीं, बाजार, वर्तमानपत्र, रस्त्यावरची पाटी, जत्रा, प्रदर्शन हीं ठिकाणें त्याला मोकळीं आहेत. तेथें गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनीं येतें. तेथें ओरडण्यास लाज नाहीं.

परंतु अनुमतीचा नियम झाला म्हणजे अनुमति मिळविण्याची कला निर्माण होते. दुकानांत पैसे देतांना गल्ल्यावरचा मुलगा मान वर न करतां विचारतो, "मोबाईल नंबर?" पाठीमागें रांग असते, हातांत पिशव्या असतात, आपण दहा अंक सांगून मोकळे होतों. आपली समजूत अशी कीं, तो पावतीला लागतो. ग्राहक व्यवहार खात्यानें २०२३ सालच्या मे महिन्यांत, दुकानदारांनीं असा आग्रह धरूं नये, असें कळविलें. गल्ल्यावरचा प्रश्न अजून ऐकूं येतो. कोठें अर्जाच्या तळाशीं बारीक अक्षरांत एक चौकोन असतो, आणि त्यांत खूण आधींच करून ठेविलेली असते. पुढें सहा महिन्यांनीं तक्रार करावी तर उत्तर येतें, 'आपणच अनुमति दिली होती,' आणि कागद दाखविला जातो. कागद खरा असतो. त्यांतील 'हो' मात्र कोणीं कधीं म्हटलेलें नसतें.

२०२३ सालीं झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानें हें ओळखलें आहे. अनुमति मोकळेपणानें, विशिष्ट कामापुरती, समजून उमजून, बिनशर्त आणि स्पष्ट कृतीनें दिलेली असावी, व ती देणें जितकें सोपें तितकेंच काढून घेणें सोपें असावें, असें त्यांत म्हटलें आहे. शब्द उत्तम आहेत. त्यांत आम्ही आपल्या परीनें एक कसोटी जोडूं: जी अनुमति देणाऱ्याला आठवत नाहीं ती अनुमति नव्हे. घरीं या असें आपण पाहुण्याला म्हणतों, तेव्हां तो आल्यावर आपण त्याला ओळखतों. जो येतो आणि आपल्याला खिशांतून आपल्याच सहीची चिठी काढून दाखवितो, तो पाहुणा नसून बेलिफ आहे. न्यायालयांत आमची कसोटी टिकणार नाहीं, कारण आठवण सिद्ध करतां येत नाहीं. पण प्रश्न न्यायालयाचा नाहीं. ज्याला रात्रीं स्वतःशीं हिशेब करावयाचा आहे त्या पाठविणाऱ्याचा आहे, आणि त्याला आपल्या यादींतील किती लोक आपणांस ओळखतील हें चांगलें ठाऊक असतें.

नियम पाळूनहि काय घडूं शकतें याचें एक उदाहरण देतों. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाईंचे यजमान गेल्या वर्षीं वारले. त्यांचा मोबाईल बाईंनीं बंद केला नाहीं; मुलांचे जुने फोटो त्यांत होते. लग्नाच्या वाढदिवशीं सकाळीं, नऊ वाजून गेल्यावर, त्यावर एका सराफी पेढीचा निरोप आला. यजमानांचें नांव घालून शुभेच्छा दिल्या होत्या, आणि सौभाग्यवतींसाठीं केलेल्या खरेदीच्या घडणावळींत सवलत जाहीर केली होती. या निरोपांत एकहि नियम मोडलेला नव्हता. वाढदिवसाची तारीख यजमानांनींच दुकानांत हौसेनें लिहून दिली होती. नांव नोंदलेलें, सांचा मंजूर झालेला, वेळ योग्य. बाईंनीं मुलाला एवढेंच विचारलें, "हें कुणी पाठवलं रे?" मुलगा अशाच कामांतला, त्यानें समजावून सांगितलें कीं, कुणी पाठवलेलं नाहीं, तें आपोआप जातं. बाईंना तें पटेना. नांव घालून पत्र येतें आणि तें लिहिणारा कोणीच नाहीं, हें त्यांच्या जगांत बसणारें नव्हतें.

आम्हांस वाटतें, बाईंचा प्रश्न सगळ्या विनियमांपेक्षां खोल गेला. त्याच पेढीवरचा जुना मुनीम असता तर त्याला बातमी कळली असती. न कळतां त्यानें शुभेच्छा दिल्या असत्या, तर बाईंचा चेहरा पाहून त्याची जीभ अडखळली असती, आणि त्या अडखळण्यानें थोडी भरपाई झाली असती. कायदा पाठविणाऱ्याचें नांव मागूं शकतो. त्या नांवामागें कोणी तरी बसलेला असावा, असें तो सांगूं शकत नाहीं. पेढीचा मालक वाईट मनुष्य आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. त्यानें एका कंपनीला वर्षाचा ठेका दिला, कंपनीनें यादी लाविली, यादीनें तारीख पाहिली. या सांखळींत दुष्टपणाचा एकहि दुवा नाहीं. बाईंना रडूं आलें तें मात्र खरें. आपण बोललों तर आपणांस काय उत्तर येतें हें ऐकण्याची तयारी असणें, हा बोलण्याच्या हक्काचा दुसरा अर्धा भाग आहे. ज्या निरोपाला उत्तर लिहितांच येत नाहीं, तो पाठविणाऱ्यानें हा अर्धा भाग आगाऊच फेटाळलेला असतो.

आणि नुकसान एका घराचें होऊन थांबत नाहीं. अनोळखी क्रमांक दिसला कीं उचलावयाचा नाहीं, हें आतां लहान मुलांनाहि शिकवावें लागतें. तो क्रमांक रुग्णालयाचा असूं शकतो, अपघाताच्या जागीं थांबलेल्या एखाद्या परोपकारी वाटसरूचा असूं शकतो, गांवाहून दुसऱ्याच्या मोबाईलवरून हांक मारणाऱ्या भावाचा असूं शकतो. परक्याच्या हांकेला ओ देण्याची जी सर्वांची मिळून ठेव होती ती प्रत्येक विक्रेत्यानें थोडी थोडी खर्च केली, आणि शेवटीं तिच्यावर डल्ला मारावयास भामटे आले. कारण गर्दी आधींच इतकी दाट झाली होती कीं त्यांत लपणें सोपें होतें.

रत्नागिरीकडचे एक बागाईतदार आम्हांस पुष्कळ वर्षांपासून आंबे पाठवितात. पूर्वीं चैत्र लागला कीं त्यांचें पोस्टकार्ड येई: मोहोर कसा आहे, पहिली पेटी केव्हां निघेल, भाव काय. आतां तोच मजकूर मोबाईलवर येतो, आणि खालीं त्यांचें नांव असतें. त्यांच्यापाशीं गिऱ्हाइकांची एक वही आहे. ज्याचें दोन वर्षें उत्तर आलें नाहीं त्याचें नांव ते खोडतात. पोस्टकार्डाच्या दिवसांत याला कारण होतें. कार्डाला पैसे पडत. आतां एक नांव ठेवलें काय आणि खोडलें काय, खर्च सारखाच. मग खोडतां कशाला, असें आम्हीं यंदा त्यांस विचारलें. प्रश्न त्यांना नीट कळला नाहीं. ते म्हणाले, "अहो, त्यांना नको असतील आंबे," आणि पायरीची पेटी हवी कीं हापूसची, तें विचारूं लागले.